तिला न विचारता

माझ्या धाकट्या बहिणीने तिच्या शेवटच्या हिवाळ्यात माझ्याकडून एक माहितीपुस्तिका लिहून घेतली. पासवर्ड बदलत राहणाऱ्या एका सॉफ्टवेअरची ती पुस्तिका होती. सॉफ्टवेअर तिनेच बनवलेलं. मी चिखलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. डेटाबेसशी माझा संबंध एवढाच, की निकालाच्या दिवसांत ऑफिसमधला माणूस ‘सर, सर्व्हर बंद आहे’ म्हणतो आणि मी परत स्टाफरूममध्ये येऊन बसतो. तरी हे काम तिने मलाच दिलं.

“तुले यातलं काई येत नाई, मूनच तू पाह्यजे,” ती म्हणाली. “ज्याले येते तो अर्धं लिहिते अन् अर्धं डोक्यात ठेवते.”

त्या पुस्तिकेकडून तिला एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी परक्या माणसाने ती उघडावी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जावं, काम पार पडावं, आणि मध्ये एकदाही तिला फोन करावा लागू नये. हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. डॉक्टरांनी आम्हाला जे सांगितलं होतं ते तिलाही सांगितलं होतं, त्यामुळे हाताशी किती वेळ आहे याचा तिला साधारण अंदाज होता. मला वाटतं, माझ्यापेक्षा तिचाच अंदाज जास्त बरोबर होता.

ती पुण्याला नोकरी करायची. आजार निघाला, उपचार झाले, बरी झाली असं वाटलं आणि वर्ष सरायच्या आत तो उलटून आला. तेव्हा ती सामान आवरून अमडापूरला आली, मायजवळ आणि माझ्याजवळ. आमचं घर गावाच्या टोकाला आहे. मागचं दार उघडलं की वावरच सुरू होतं. पडून राहणं तिला जमणारं नव्हतं, म्हणून तिने जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम घेतलं. त्या कंपनीची गोदामं सुलतानपूर, हिवरा आश्रम अशी लांब लांब पसरलेली. शेतकरी तिथे तूर, सोयाबीन, हरभरा आणून ठेवतात. कुणाचा किती माल कुठल्या गोदामात आहे, ओल किती निघाली, पावती कधी झाली, हे सगळं एका डेटाबेसमध्ये असतं. पूर्वी त्यातून माहिती काढून द्यायला माणसं होती. आता त्यांनी ते काम एआय एजंटांवर सोपवलं होतं.

एजंट म्हणजे नक्की काय, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. मायने वावरातून हरभऱ्याचे ओले डहाळे आणले होते आणि बहीण त्यांचे घाटे सोलत होती. तिला स्वतःला खाता यायचं नाही, सोलून वाटीत जमवायची आणि वाटी माझ्याकडे सरकवायची.

“समज, एक कारकून ठेवला,” ती म्हणाली. “हुशार हाये, झोपत नाई, सुट्टी मागत नाई. त्याले सांगतलं की अमक्याची तूर कुठी हाये ते पाहून त्याले कळव, तं आधी काय पाहाचं, मंग काय कराचं, हे तो त्याच्या मनानं ठरवते.”

“मग चांगलंच हाये की.”

“चांगलं हाये. पन लय सज्जन हाये तो. जे दिसन ते सांगते.”

आणि तिने एक गोष्ट सांगितली. सुरुवातीच्या चाचणीत तिने एका एजंटाच्या हाती डेटाबेसचा पासवर्ड तसाच दिला होता. मग शेतकरी असल्यासारखं त्याला विचारलं, की माझ्या सोयाबीनची पावती का दिसत नाही? एजंटाने अगदी नम्रपणे उत्तर दिलं, की गैरसोयीबद्दल क्षमस्व, मी अमुक पासवर्ड वापरून पाहिलं पण तुमची नोंद सापडली नाही. पासवर्ड पूर्ण लिहिला होता, एकही अक्षर न गाळता.

मी हसलो. मायही दारातून हसली. तिला किती कळलं होतं कोण जाणे, पण लेक हसवत होती एवढं तिला पुरे होतं.

तर हे होऊ नये म्हणून तिने ते सॉफ्टवेअर बनवलं. खरा पासवर्ड एजंटाला कधी दिसतच नाही. त्याला डेटाबेसमधून काही हवं असलं की तो सॉफ्टवेअरकडे मागतो, सॉफ्टवेअर त्याला त्या कामापुरता एक पासवर्ड देतं, आणि काही काळाने तो बदलून टाकतं. एजंट कुणाजवळ बोलून गेला तरी बोललेलं तोवर शिळं झालेलं असतं.

मी रात्री बसून पहिलं पान लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर तिला वाचून दाखवलं. ‘सदर प्रणालीद्वारे संकेतशब्दांचे नियतकालिक परिवर्तन करण्यात येते’ असं माझं पहिलं वाक्य होतं. ती इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली आणि माय पाणी घेऊन धावली.

“दादा,” श्वास सावरल्यावर ती म्हणाली, “हे वाचून गोदामातला मानूस पुस्तकाले हार घालीन. कॉम्प्युटरले हात नाई लावनार.”

“मग कसं लिहू?”

“जसं मायले सांगशीन तसं.”

“मायले म्या सांगतलं तं ते म्हनीन, तूच करून दे.”

“मंग असं लिह्य, की ते तसं म्हननार नाई.”

त्यानंतर आमची एक रीत ठरून गेली. ती डोळे मिटून आमच्या बोलीत सांगायची, मी प्रमाण मराठीत, पण साध्या वाक्यांत लिहायचो. लिहून झालं की मी वाचायचो आणि ती काहीच येत नसल्याचं सोंग घेऊन लॅपटॉपवर नेमकं तेवढंच करायची, जेवढं मी वाचलं. ‘बटण दाबा’ म्हटलं की बोट हवेत धरून विचारायची, “कोनतं? अठी दोन हायेत.” मी ‘थोड्या वेळाने’ लिहिलं तर म्हणायची, “थोडा येळ म्हंजे? तुह्या आंघोळीएवढा का माह्या?” मी आयुष्यभर निबंध तपासले, पण माझं लेखन इतक्या बारकाईने कुणी तपासलं नव्हतं. मला लिहायला वेळ लागतो, तो माझा स्वभाव आहे. एका वाक्यावर मी दुपार घालवतो. ती मात्र त्या दिवसांत एखाद्या परिच्छेदावर थकायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. मग मी तिच्या खाटेशेजारी तेच पान पुन्हा पुन्हा दुरुस्त करत बसायचो.

तिचा फोन मात्र सारखा वाजायचा. ताई, लाल अक्षरं आली. ताई, हा एजंट नुसताच गोल फिरतोय. ताई, पासवर्ड बदलला का नाही कसं कळणार? कधी तिच्या हाताला सलाईनची सुई असायची तेव्हा मी फोन तिच्या कानाला धरून उभा राहायचो. कधी उलटी होऊन गेल्यावर चूळ भरून ती आधी फोन उचलायची. तिकडच्या माणसाला तिच्या आवाजावरून काही कळत नसे. तिने कुणाला सांगितलंही नव्हतं.

मी एकदा म्हणालो, “थोडे दिवस फोन बंद ठेव ना.”

“बंद ठेवला तं त्यायचं काम बंद पडते. तेच तं बंद कराचं हाये मले, फोन कराची गरज.” मग जरा थांबून म्हणाली, “मी जिथी नौकरीले होती, तथी एक मानूस अचानक गेला. चांगला होता बिचारा. पन सहा-आठ महिने सारे त्याच्या नावानं नुसते चरफडत. हे कुठी ठेवलं यानं, हे कसं केलं यानं. त्याची आठवन येत होती ते काम अडल्यावरच. मले तसं नाई पाह्यजे, दादा. आठवन आली तं निवांत येवो. अडल्यावर नोको.”

मला त्या फोनचा राग यायचा हे खरं, पण तो वाजला नाही की घरात एक वेगळीच शांतता पसरायची, तीही मला सोसत नसे. जोवर सुलतानपूरहून कुणीतरी ‘ताई, जरा पाहता का’ म्हणत होतं तोवर ती कुणाला तरी हवी होती. आणि मी लिहीत होतो ते प्रत्येक पान तिची गरज थोडी थोडी कमी करत होतं. चांगली पुस्तिका म्हणजे काय, तर जिच्यामुळे ती बनवणाऱ्याला शोधावं लागत नाही. हे मला लिहिता लिहिता कळत गेलं आणि कळूनही लिहायचं होतं, कारण तिला दुसरं काही नको होतं.

सगळ्यात अवघड प्रकरण होतं वीज गेल्यावरचं. एरवी सॉफ्टवेअर पासवर्ड आपला आपण बदलतं. पण ते ज्या कॉम्प्युटरवर चालायचं तो हिवरा आश्रमच्या गोदामात होता, आणि तिथली लाईट कधी जाईल याचा नेम नव्हता. इन्व्हर्टर होता, तोही दमलेला. नेमकं बदलाचं काम चालू असताना लाईट गेली तर नवा पासवर्ड तयार झालेला असतो, जुना बंद झालेला नसतो, आणि सॉफ्टवेअर मध्येच अडकून पडतं. मग राहिलेलं काम माणसाला हाताने पुरं करावं लागतं. तिला येणाऱ्या फोनांपैकी बहुतेक याचेच असायचे. “हे एक प्रकरण नीट झालं तं समज पुस्तक झालं,” असं ती म्हणायची. आम्ही ते लिहिलं, सोंग घेऊन तपासलं, पुन्हा लिहिलं. मायला बसवून वाचून दाखवलं. माय मान हलवत म्हणाली, “बरोबर हाये.” एवढं झाल्यावर बहिणीने पहिली परीक्षा ठरवली.

परीक्षेला हिवऱ्याच्या गोदामातली नवी ऑपरेटर आली. चिखलीतल्या किराणा दुकानदाराच्या घरची ती सून, कामावर नुकतीच लागलेली. नवऱ्याच्या गाडीवर आलेली ती फोनवरच्या ताईला पहिल्यांदाच भेटत होती, आणि आजाराचं तिला समोर पाहूनच कळलं. दारातच तिचे डोळे भरून आले. बहिणीने तिला रडू दिलं नाही.

“चहा घे, अन् बस इथी,” ती म्हणाली. “ही सॉफ्टवेअरची नकली प्रत हाये. इथी काई बिघडलं तं कोनाचं नुकसान नाई. पुस्तकात जे लिहेल हाये तेच कराचं. मले इचाराचं नाई. दादाले बी नाई.”

“आणि चुकलं तर, ताई?”

“चुकलं तं लय चांगलं.”

ऑपरेटर टेबलाशी बसली. बहिणीने गळ्यातल्या मफलरचं टोक दातांत धरलं, बोलून जाऊ नये म्हणून. तिला पाहून मला हसू येत होतं. सुरुवातीची पानं भराभर गेली. ऑपरेटर एकेक ओळ पुटपुटत वाचायची, करायची, पुढे जायची. मग वीज गेल्यावरच्या प्रकरणातल्या दोन ओळी आल्या. ‘नवा पासवर्ड सुरू करा. जुना पासवर्ड बंद करा.’ तिने नवा सुरू केला आणि लगेच जुना बंद केला.

पडद्यावर लाल ओळी उमटायला लागल्या. एजंट अजून जुनाच पासवर्ड घेऊन काम करत होते. त्यांना डेटाबेसने नाही म्हटलं, तर ते पुन्हा आले, पुन्हा नाही म्हटलं, पुन्हा आले. माणसाला दारातून परत पाठवलं तर तो ओशाळून निघून तरी जातो. यांना ओशाळणं माहीत नव्हतं. सगळे मिळून दार वाजवत राहिले, तेव्हा डेटाबेसने घाबरून सगळ्यांनाच बाहेर ठेवून कुलूप घातलं.

ऑपरेटरचा चेहरा पांढरा पडला. तिने बहिणीकडे पाहिलं. “ताई, माझं काय चुकलं?”

बहिणीने मफलर तोंडातून काढला. इतक्या दिवसांत मी तिला इतकी खूश पाहिली नव्हती. “तुह्यं काई चुकलं नाई, बाई. सापडलं! दादा, सापडलं!”

“काय सापडलं?” मी खरंच गोंधळलो होतो. मला अजूनही ती दोन वाक्यं बरोबरच वाटत होती.

“तू गव्हाले पानी कसं देतं?” तिने मला विचारलं.

त्यात विचारण्यासारखं काय आहे, असं माझ्या मनात आलं. पुढच्या वाफ्याचं तोंड आधी फोडायचं, पाणी तिथे पोहोचलं हे उभं राहून पाहायचं, मग मागच्या वाफ्याचं तोंड बुजवायचं. घाईने आधीच बुजवलं तर पाण्याला जायला वाट उरत नाही आणि पाणी आणणारा दांड फुटतो. चालता यायला लागल्यापासून आम्ही दोघं मायच्या मागे हे करत आलो.

“अन् हे तू लिहिलं का?” ती म्हणाली.

नव्हतं लिहिलं. ‘सुरू करा’ आणि ‘बंद करा’ यांच्यामध्ये उभं राहून पाहायचं असतं, हे मी लिहिलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं, आणि मायने ऐकून मान हलवली होती. आम्ही तिघंही वावरातले. हे कुणी आम्हाला शिकवल्याचं आठवत नव्हतं, त्यामुळे कुणाला शिकवावं लागेल असंही कधी वाटलं नाही.

ऑपरेटर हळूच म्हणाली, “मी कधी शेतात पाणी दिलं नाही हो, ताई. माहेरीही दुकानच.”

“मूनच तं तू पाह्यजे होती,” बहीण म्हणाली. माय कपाळाला हात लावून हसत होती. “अवो माय, म्या बी हाव म्हटलं!” त्या दिवशी ऑपरेटर जेवून गेली. मायने तिला पिशवीभर वांगी दिली.

मग त्या दोन ओळींच्या मधल्या जागेवर आम्ही कितीतरी दिवस घालवले. तिला तिथे एका ओळीवर एकच शब्द हवा होता, ‘थांबा.’ त्याच्याखाली, पडद्यावर एजंटांची यादी कुठे दिसते, कुणाच्या नावापुढे ‘जुना’ आणि कुणाच्या नावापुढे ‘नवा’ लिहिलेलं असतं, ते. एखादा एजंट लांबचं काम हाती घेऊन बसला असेल तर ते उरकेपर्यंत तो जुनाच धरून राहतो. त्याला राहू द्यावं. तोवर दोन्ही पासवर्ड चालतात आणि त्यात काही धोका नाही. सगळ्यांच्या नावापुढे ‘नवा’ आला की मगच जुना बंद करावा.

“नुसतं थांबा म्हटल्यानं मानूस थांबत नाई,” ती म्हणाली. “त्याच्या हाताले काम दे. लिह्य, चहा ठेवा.”

“माहितीपुस्तिकेत चहा?”

“काऊन? डेटाबेसमंधी थोडीच ठेवाचा हाये.”

मी हरकत घेतली, दोन दिवस वाद घातला, आणि शेवटी ते वाक्य लिहिलं. ‘तोपर्यंत चहा ठेवा.’ मी वाचून दाखवलं तेव्हा तिने डोळे मिटूनच मान हलवली. “आता झालं,” ती म्हणाली. तिने माझ्याकडून लिहून घेतलेलं ते शेवटचं वाक्य. तेव्हा ते शेवटचं आहे हे मला माहीत नव्हतं. तिला होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

दुसरी परीक्षा राहिली होती. पहिल्या ऑपरेटरला आता सगळं माहीत झालं होतं, म्हणून ती चालणार नव्हती. “ज्यानं मले कधी पाह्यलं नाई, माहा आवाज ऐकला नाई, असा मानूस पाह्यजे,” असं तिने कंपनीला कळवलं. त्यांनी माणूस शोधला, दिवसही ठरला. त्या दिवशी आम्ही संभाजीनगरच्या दवाखान्यात होतो. पुन्हा एक दिवस ठरला. तेव्हा ती घरी होती, पण उठून बसू शकत नव्हती आणि जागी असली तरी फार वेळ जागी राहत नव्हती. मी फोन करून सांगितलं, की थोडं थांबू. ती ऐकत होती. “कराले सांग ना त्याले,” ती म्हणाली. “मी नाई पाह्यलं तं काय होते?” पण मी परीक्षा होऊ दिली नाही. तिला पाहायचं होतं, हे मला माहीत होतं. ती जरा बरी झाली की करू, असं मी म्हणालो आणि ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली.

गहू पिवळा पडायला लागला होता तेव्हा ती गेली. सकाळची वेळ होती. माय तिचे केस विंचरून देत होती.

दहावं झालं, तेरावं झालं. पुण्याहून तिच्या मैत्रिणी आल्या, कंपनीतले लोक आले. त्यातल्या एकाने निघताना माझा हात हातात धरून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुस्तिकेचं विचारायचं असावं. तिच्या फोनवर अजून गोदामांचे फोन येत होते, मी उचलून सांगत होतो. एकजण म्हणाला, “मग आता आम्ही कुणाला विचारायचं, सर?” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण फोन ठेवल्यावर मला तिचं बोलणं आठवलं, अडल्यावर नको. तिला जे नको होतं तेच घडत होतं, आणि ते थांबवायचा उपाय लिहून तयार होता, फक्त तपासायचा राहिला होता. कॉलेजच्या परीक्षा संपल्या त्या आठवड्यात मीच कंपनीला फोन केला.

मी गाडीने हिवरा आश्रमला गेलो. उन्हं तापायला लागली होती. गोदामात नव्या हरभऱ्याची पोती येऊन पडली होती आणि धुळीने नाक चुरचुरत होतं. परीक्षेला सुलतानपूरच्या गोदामातला माणूस आला होता. वाशीमकडून नुकताच बदलून आलेला, माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर ठेवणारा. त्याने बहिणीला कधी पाहिलं नव्हतं. तिच्याबद्दल त्याला कुणी काही सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी त्याला तिचाच नियम सांगितला, की पुस्तिकेत आहे तेच करायचं, कुणाला विचारायचं नाही. ही नकली प्रत आहे, बिघडली तरी चालेल.

“बरं,” तो म्हणाला, आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

तो ओळीखाली बोट धरून वाचत होता. मी जरा मागे खुर्ची घेऊन बसलो. प्रत्येक ओळ मला पाठ होती आणि प्रत्येक ओळीमागे तिचा आवाज होता. कोणतं बटण, अठी दोन हायेत. थोडा येळ म्हंजे किती. तो माणूस त्या सगळ्या जागांवरून सरळ पुढे जात होता, जसा माणूस झाडलेल्या अंगणातून जातो. मला वाटत होतं, त्याने कुठेतरी थांबावं, मागे वळावं आणि म्हणावं, की सर, हे काही कळत नाही. एवढं ऐकायला मिळावं म्हणून माझा जीव तुटत होता. आणि तो तसं म्हणाला तर तिची मेहनत फुकट जाईल, म्हणून तो पुढच्या ओळीवर गेला की मला हायसंही वाटत होतं.

त्याने नवा पासवर्ड सुरू केला. मग बोट ‘थांबा’वर आलं. त्याने खालचं सगळं वाचलं, यादी उघडली, आणि उठला.

“चहा ठेवा म्हनते हे,” तो जरा हसून म्हणाला. “तुम्ही घेता ना, सर?”

कोपऱ्यात गॅस होता. त्याने चहा ठेवला. मी यादीकडे पाहत राहिलो. एकेका नावापुढे ‘जुना’ जाऊन ‘नवा’ येत गेलं. एक एजंट मागे राहिला, कुठल्यातरी लांब कामात गुंतलेला. चहा उकळला, गाळून झाला, आम्ही प्यालो. तो हरभऱ्याच्या भावाबद्दल बोलला, मी हो हो म्हणालो. त्याला घाई नव्हती. तो एजंट अजून जुनाच धरून बसला होता आणि पुस्तिकेत लिहिलं होतं, त्याला राहू द्यावं. मला ती यादी पाहवेना आणि नजर हलवताही येईना. मग त्याच्याही नावापुढे ‘नवा’ आलं. माणसाने कप खाली ठेवला, जुना पासवर्ड बंद केला, पुढच्या ओळी वाचून पुऱ्या केल्या आणि पुस्तिका मिटली. एकही लाल अक्षर उमटलं नाही.

“झालं, सर.”

“कुठे अडलं का काही?” मी विचारलं.

“नाई बा.” त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “यात काय अडाचं? सारं तं लिहेल हाये.”

मी येताना एक वाक्य तयार करून आणलं होतं. हे कुणी केलं असं त्याने विचारलं तर सांगायचं, की माझ्या बहिणीने. त्याने विचारलं नाही. त्याला विचारायचं काही कारणच उरलं नव्हतं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, कप विसळले आणि बाहेर ट्रॅक्टर आला होता तिकडे निघून गेला.

घरी पोहोचलो तेव्हा माय मागच्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी कुठे गेलो होतो हे तिला माहीत होतं.

“झालं का तिचं काम?”

“झालं.”

“नीट?”

“हाव. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

तिने एक जुडी संपवली, दुसरी सोडली. “मंग कोनं तिचं नाव काढलं का?”

“नाई, माय. गरजच पडली नाई.”

“तिले असंच पाह्यजे होतं,” माय म्हणाली.

“हाव.”

“मले नव्हतं पाह्यजे असं.”

मी तिच्याशेजारी खाली बसलो. ती रडत होती, आणि रडता रडता तिचे हात मेथी निवडत होते. थोड्या वेळाने मीही एक जुडी ओढून घेतली.